पेडल दुसऱ्याच्या पायाखाली असते तेव्हा : क्ष-किरणांखालील प्रक्रियांमध्ये परिचारिकांची सुरक्षितता

निशिगंध (धागालेखिका)

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे कॅथलॅबमध्ये (क्ष-किरणांच्या मदतीने हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या प्रक्रिया करण्याच्या खोलीत) परिचारिका म्हणून काम करते आहे. आमच्या विभागात नवीन सिस्टर किंवा ब्रदर रुजू झाले की पहिल्या आठवड्यातच त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, या किरणांनी आपल्याला काही होणार तर नाही ना?" त्यावर "शिशाचा एप्रन घाल, काही होत नाही" असे सांगून मोकळे होण्याची पद्धत आहे. मी नवीन होते तेव्हा मलाही हेच सांगितले गेले. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणाची झळ सर्वांत जास्त परिचारिकेला बसते असे माझे मत झाले आहे. म्हणून हा धागा काढते आहे.

क्ष-किरण सुरू करण्याचे पेडल प्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या पायाखाली असते. किरण केव्हा सुरू होणार हे त्यांना आधीच ठाऊक असते, ते बराच वेळ एकाच जागी उभे असतात आणि छताला टांगलेला शिसेयुक्त पारदर्शक पडदा त्यांच्या सोयीने लावलेला असतो. तंत्रज्ञ बहुतेक वेळ काचेपलीकडच्या नियंत्रण कक्षात असतात. परिचारिका मात्र खोलीभर फिरत असते. औषध द्यायला रुग्णाच्या हाताशी जाणे, सलाईन बदलणे, घाबरलेल्या रुग्णाशी दोन शब्द बोलणे, कपाटातून हवी ती वायर किंवा स्टेंट काढून देणे, हे सगळे तिचे काम. म्हणजे किरण सुरू करणारा माणूस हलत नाही, आणि जी सतत हलते तिच्या हातात किरण थांबवणे नाही. माझ्या पाहण्यात आलेले बहुतेक प्रशिक्षण पेडल दाबणाऱ्याला समोर ठेवून दिलेले होते.

किरण आपल्यापर्यंत कसे येतात हे आधी स्पष्ट करते, कारण यातच बराच गैरसमज आहे. क्ष-किरण तयार करणाऱ्या नळीतून निघालेला मूळ झोत रुग्णाच्या शरीरातून पार होऊन चित्र टिपणाऱ्या डिटेक्टरकडे जातो. त्या झोतात आपण सहसा उभे नसतो. आपल्यावर पडतात ते रुग्णाच्या शरीरात शिरून दिशा बदललेले, चहूकडे विखुरलेले किरण. त्यामुळे आपल्या दृष्टीने किरणांचा उगम यंत्रात नसून रुग्णाच्या शरीराच्या ज्या भागावर झोत पडला आहे त्या भागात असतो, आणि अंतर मोजायचे ते तिथून. हृदयाची प्रक्रिया चालू असताना रुग्णाच्या पायाशी उभी असलेली सिस्टर आणि खांद्याशी उभी असलेली सिस्टर या दोघी टेबलाला तितक्याच चिकटून उभ्या असल्या, तरी दोघींना मिळणारी मात्रा सारखी नसते.

अंतर दुप्पट केले की मात्रा साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. एक पाऊल मागे सरकणे ही माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काळजी आहे.

आता माझा स्वतःचा अनुभव. अनेक वर्षे मी पुढून झाकणारा, पाठीवर फक्त पट्टे असलेला एप्रन घालत असे. आमची औषधांची ट्रॉली भिंतीला लागून होती, म्हणजे हेपारिन (रक्त गोठू न देणारे औषध) भरायला वळले की माझी पाठ थेट रुग्णाकडे होत असे. एकदा तपासणीसाठी आलेल्या विकिरण भौतिकतज्ज्ञांनी तत्काळ रीडिंग दाखवणारा एक छोटा डोसमापक माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, चिकटपट्टीने लावला. दिवसभरात मी ट्रॉलीकडे वळले आणि त्याच वेळी सिने, म्हणजे साठवून ठेवायच्या चित्रांचे सलग छायांकन, चालू असले, की तो पाठीवर वाजायचा. छातीवर एप्रनच्या आत लावलेल्या, मात्रा नोंदवणाऱ्या माझ्या नेहमीच्या बॅजला यातले काहीच कळत नव्हते. त्या दिवसापर्यंत मी स्वतःला पूर्ण सुरक्षित समजत होते.

त्यानंतर आम्ही विभागात एक बोलीचा नियम केला. टेबलाच्या ठरलेल्या अंतराच्या आत पाऊल टाकण्यापूर्वी परिचारिका मोठ्याने "आत येते आहे" म्हणते, डॉक्टर पेडलवरून पाय उचलतात आणि "बंद" म्हणतात. "बंद" ऐकू आल्याशिवाय आत जायचे नाही. सिने सुरू करण्यापूर्वी डॉक्टर "सिने" म्हणतात, आणि ज्यांचे टेबलाशी काम नाही ते मागे सरकतात. हा नियम अंगवळणी पडायला बरेच दिवस लागले, आणि सुरुवातीला ज्येष्ठ डॉक्टरांसमोर मोठ्याने बोलण्याचा संकोच आम्हा सर्वांनाच वाटला.

आपापल्या ठिकाणी काय व्यवस्था आहे ते कृपया लिहावे. विशेषतः डोळ्यांचे संरक्षण, बॅजचा वापर आणि गरोदरपणातील काळजी यांविषयी जाणकारांनी लिहिल्यास फार उपयोग होईल.

---

कवडसा

मी क्ष-किरण तंत्रज्ञ आहे. लेख अतिशय गरजेचा आहे. यंत्राच्या बाजूने काही गोष्टी जोडतो.

विखुरलेले किरण सर्व दिशांना सारखे जात नाहीत. झोत शरीरात ज्या बाजूने शिरतो, म्हणजे नळीच्या बाजूला, ते सर्वांत जास्त असतात. डिटेक्टरच्या बाजूला पोहोचेपर्यंत रुग्णाच्या शरीरातच बरेचसे शोषले जातात. म्हणूनच नळी टेबलाखाली आणि डिटेक्टर वर ठेवण्याची पद्धत आहे. तशा मांडणीत जास्त मात्रा कमरेखाली राहते आणि टेबलाच्या कडेला लोंबणारा शिशाचा पडदा ती अडवतो. हा पडदा रुग्णाला आत घेताना अडचण होते म्हणून वर दुमडून ठेवला जातो आणि नंतर खाली सोडायचे राहून जाते. परिचारिकांना विनंती आहे की, प्रक्रिया सुरू होण्यापूर्वी तो खाली आहे की नाही हे पाहावे, कारण टेबलाच्या त्या बाजूने सर्वांत जास्त ये-जा त्यांचीच असते.

सी-आर्म (नळी आणि डिटेक्टर धरणारी इंग्रजी C आकाराची कमान) तिरका फिरला की हे गणित बदलते. डावा तिरका कोन घेतला की डिटेक्टर रुग्णाच्या डावीकडे झुकतो आणि नळी उजवीकडे येते. डॉक्टर आणि स्क्रब नर्स (त्यांच्या हाती साधने देणारी परिचारिका) बहुधा रुग्णाच्या उजव्या हातालाच उभे असतात, म्हणजे नळी त्यांच्या बाजूला आलेली असते. शिवाय तिरक्या कोनात किरणांना शरीराची जास्त जाडी पार करावी लागते, म्हणून यंत्र आपोआप झोत वाढवते आणि विखुरणही वाढते. सी-आर्म पूर्ण आडवा असेल तर शक्यतो डिटेक्टरच्या बाजूला उभे राहावे. नळी कोणती आणि डिटेक्टर कोणता हे ओळखता येणे ही खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकासाठी पहिल्या दिवसाची शिकवणी असावी. आमच्याकडे तीन वर्षे काम केलेल्या एका सिस्टरना तो फरक कोणी दाखवलाच नव्हता, आणि ही चूक त्यांची नव्हती, आमची होती.

सिनेविषयी निशिगंधताईंनी लिहिले ते योग्यच आहे. सिनेच्या एका चित्राला साध्या फ्लुरोस्कोपीच्या (पडद्यावर थेट पाहण्याच्या) एका चित्रापेक्षा साधारण दहापट किंवा त्याहून अधिक किरण लागतात. रक्तवाहिन्यांची वजाबाकी पद्धतीने (हाडे वगळून फक्त वाहिन्या दाखवणारी) चित्रे घेताना तर आणखी जास्त. त्या काही सेकंदांत दोन पावले मागे गेल्याने जे साधते ते एरवी खूप वेळ सांभाळूनही साधत नाही.

आणि एक. रुग्णाला कमी किरण मिळाले की आपल्यालाही कमी मिळतात, कारण आपल्याकडे येणारे सगळे त्याच्या अंगातूनच येतात. डिटेक्टर रुग्णाच्या जवळ आणणे, झोताची चौकट गरजेपुरती लहान ठेवणे, सेकंदाला तीस ऐवजी साडेसात किंवा पंधरा स्पंदने ठेवणे, शेवटचे चित्र पडद्यावर गोठवून त्यावर विचार करणे, ही कामे आमची आणि डॉक्टरांची आहेत. पण डिटेक्टर वर राहिला आहे हे बाजूला उभ्या असलेल्या सिस्टरला आधी दिसते. तिने ते बोलून दाखवले तर आम्हाला राग येत नाही.

---

पहाटवारा

मी नुकतीच अस्थिशस्त्रक्रियेच्या विभागात रुजू झाले आहे. आमच्याकडे फिरता सी-आर्म असतो. माझे प्रश्न अगदी प्राथमिक असतील, त्याबद्दल क्षमस्व.

पहिला प्रश्न असा की, प्रक्रिया संपल्यावर खोलीत किंवा रुग्णाच्या अंगात किरण किती वेळ राहतात? आमच्याकडे काही जणी रुग्णाला हात लावण्यापूर्वी थोडा वेळ थांबतात. दुसरा प्रश्न : हाड जुळवताना रुग्णाचा पाय धरून ठेवायला मला सांगतात आणि त्याच वेळी चित्र घेतात. शिशाचे हातमोजे घातले तर चालेल का?

---

अणुरेणू

मी रुग्णालयात विकिरण भौतिकतज्ज्ञ म्हणून काम करतो. पहाटवारा, तुमचे प्रश्न प्राथमिक नाहीत, अनेक वर्षे काम केलेल्यांच्या मनातही ते असतात.

पेडलवरून पाय उचलला त्या क्षणी क्ष-किरण संपतात. दिवा विझवल्यावर जसा खोलीत उजेड साठून राहत नाही, तसेच हे आहे. रुग्ण, चादर, उपकरणे, रक्त, यांपैकी काहीही किरणोत्सर्गी होत नाही, त्यामुळे रुग्णाजवळ जायला एक सेकंदही थांबण्याचे कारण नाही. शरीरात किरणोत्सर्गी औषध दिलेल्या रुग्णांची गोष्ट वेगळी, त्यांचे नियमही वेगळे. या दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे क्ष-किरणांच्या रुग्णाला विनाकारण दूर ठेवले जाते आणि तेवढ्या वेळात त्याच्याकडे दुर्लक्ष होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक गंभीर आहे. हात मूळ झोतात नसावा, हा नियम हातमोज्यांसकट लागू आहे. झोतात शिसे आले की यंत्राला चित्र काळसर वाटते आणि ते आपोआप झोत वाढवते. त्यामुळे मोज्यातून मिळणारे संरक्षण बरेचसे वाया जाते, रुग्णाची मात्रा वाढते आणि मोजा आहे म्हणून हात जास्त वेळ आत राहतो. पाय धरणे टाळता येतच नसेल, तर झोताच्या चौकटीपासून शक्य तितक्या लांब धरावा, आणि चित्र घेताना आधार, पट्टा किंवा ट्रॅक्शनची सोय आहे का हे आधी विचारावे. पडद्यावर तुमच्या बोटांची हाडे दिसली तर त्याचा अर्थ हात मूळ झोतात आहे, आणि ते शल्यविशारदांना त्याच क्षणी सांगायला हवे. हातांच्या त्वचेसाठी वार्षिक मर्यादा ५०० मिलिसिव्हर्ट (किरणांचा शरीरावरील परिणाम मोजण्याचे एकक) आहे. हात वारंवार झोताजवळ जात असतील तर बोटात घालायचा रिंग बॅज मागून घ्यावा.

धाग्यातील अंतराच्या मुद्द्याला थोडे आकडे जोडतो. झोत रुग्णाच्या शरीरात शिरतो तिथे जितकी मात्रा असते, तिचा साधारण एक हजारावा हिस्सा एक मीटरवर बाजूला उभ्या असलेल्या व्यक्तीपर्यंत पोहोचतो, असा ढोबळ ठोकताळा आहे. समजा, शिरण्याच्या जागी मिनिटाला २० मिलिग्रे (शोषलेल्या किरणांचे एकक) मात्रा आहे आणि एकूण १० मिनिटे किरण चालू राहिले. एक मीटरवर ०.२ मिलिग्रे होतील, दोन मीटरवर ०.०५ आणि अर्ध्या मीटरवर ०.८. क्ष-किरणांसाठी ग्रे आणि सिव्हर्ट हे आकडे व्यवहारात सारखे धरता येतात. एप्रनमधून पाच टक्के किरण पार होतात असे धरले, तर एक मीटरवरच्या परिचारिकेच्या छातीला एका प्रक्रियेत ०.०१ मिलिसिव्हर्ट मिळाले. अशा ५०० प्रक्रिया वर्षभरात केल्या तर ५ मिलिसिव्हर्ट. जगभरात निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, आणि या कामातील व्यक्तींसाठी आंतरराष्ट्रीय विकिरण संरक्षण आयोगाने सुचवलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आहे. एप्रनच्या आतल्या शरीराबाबत घाबरण्याचे कारण नाही ते यामुळे.

पण हेच गणित डोळ्यांसाठी करून पाहा. डोळ्यांवर एप्रन नसतो. एक मीटरवर, पडद्याशिवाय आणि चष्म्याशिवाय, त्याच ५०० प्रक्रियांमध्ये डोळ्यांना १०० मिलिसिव्हर्ट होतील. कोणतीही परिचारिका पूर्ण वेळ एक मीटरवर उभी नसते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी असतो, पण धोका शरीराच्या कोणत्या भागाला जास्त आहे हे यातून कळते.

---

रातपाळी

डोळ्यांचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी भूलविभागाची परिचारिका आहे. माझी जागा रुग्णाच्या डोक्याशी असते. श्वासनलिका, औषधे, मॉनिटर सांभाळताना मला मागे सरकता येत नाही. छताचा पडदा डॉक्टरांच्या चेहऱ्यासमोर असतो, तो माझ्या बाजूला कधीच नसतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या प्रक्रियेत तर झोत थेट डोक्यावरच असतो आणि एक नळी आडवी असते. शिशाचे चष्मे विभागात आहेत, पण ते डॉक्टरांचे आहेत असेच आजवर धरले गेले. परिचारिकेने चष्मा मागितला तर तो "जास्तीची काळजी" समजला जातो. यात खरोखर किती तथ्य आहे?

---

अणुरेणू

पूर्ण तथ्य आहे, आणि ती जास्तीची काळजी नाही.

डोळ्याच्या भिंगाची मर्यादा पूर्वी वर्षाला १५० मिलिसिव्हर्ट होती. एप्रिल २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय विकिरण संरक्षण आयोगाने ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० वर आणली, आणि कोणत्याही एका वर्षात ५० ओलांडू नयेत असे सांगितले. पूर्वी समजले जात होते त्यापेक्षा बऱ्याच कमी मात्रेत भिंग गढूळ होऊ शकते, असा पुरावा त्या काळात पुढे आला होता. हे गढूळपण प्रामुख्याने भिंगाच्या मागच्या आवरणाखाली सुरू होते, आणि तिथे लहानसा डागही दृष्टीच्या मार्गात येतो.

परिचारिकांबाबत स्वतंत्र नोंदी आहेत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००८ पासून चालवलेल्या पाहणीत डॉक्टरांबरोबर कॅथलॅबच्या परिचारिकांचेही डोळे तपासले गेले. मलेशियातील एका गटात ५६ हृदयतज्ज्ञांपैकी २९ जणांच्या, ११ परिचारिकांपैकी ५ जणींच्या आणि किरणांशी संबंध नसलेल्या २२ जणांपैकी केवळ दोघांच्या भिंगात असे बदल आढळले. अकरा हा फार लहान गट आहे आणि आढळलेले बदल म्हणजे लगेच दृष्टी गेली असे नव्हे, हे ध्यानात ठेवावे. तरीही परिचारिका टेबलापासून दूर असते म्हणून तिच्या डोळ्यांना काही होत नाही, हे गृहीतक यानंतर टिकत नाही.

चष्मा निवडताना केवळ काचेतील शिशाची जाडी पाहू नये. आपण रुग्णाकडे नव्हे, मॉनिटरकडे पाहत असतो, त्यामुळे किरण बाजूने आणि खालून येतात. बाजूला संरक्षण नसलेला, गालापासून सुटलेला चष्मा कितीही जाड काचेचा असला तरी त्या फटीतून किरण डोळ्यापर्यंत पोहोचतात. काही किरण आपल्याच डोक्यातून विखुरून डोळ्याकडे येतात, तेही चष्मा अडवू शकत नाही. म्हणून तुमच्या जागेसाठी चाकांवरचा उभा पडदा मागावा, चष्मा त्याच्या जोडीला असावा. डोक्याशी पूर्ण वेळ थांबावे लागणाऱ्या व्यक्तीला पडद्याचा अग्रक्रम डॉक्टरांइतकाच आहे.

---

पाऊलवाट

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे, म्हणजे पेडलवर ज्यांचा पाय असतो त्यांच्यापैकी एक. धागा वाचून अस्वस्थ झालो आणि ते प्रामाणिकपणे लिहिणे योग्य वाटते.

प्रक्रिया अवघड होते तेव्हा माझी नजर पडद्यावरच्या वायरच्या टोकावर असते. आजूबाजूला कोण किती जवळ आले आहे हे मला खरोखर दिसत नाही. सिस्टरने औषध दिले एवढे कळते, पण ते द्यायला ती माझ्या कोपराशी येऊन वाकली तेव्हा माझा पाय पेडलवरच होता, हे कळत नाही. जाणूनबुजून कोणी करत नाही, पण परिणाम तोच होतो. तेव्हा "आत येते आहे" हे शब्द मला हवे आहेत. माझ्या नजरेवर विसंबून राहू नका.

या निमित्ताने आमच्या क्षेत्राच्या आरंभाची हकिकत आठवली. १९२९ साली जर्मनीत एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरांना हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी नेता येते हे दाखवायचे होते. निर्जंतुक साधने गेर्डा डिट्झेन या परिचारिकेच्या ताब्यात होती, आणि प्रयोग स्वतःवर करून घ्यायला त्या तयार झाल्या. फोर्समान यांनी त्यांना टेबलावर बांधले आणि त्यांच्या नकळत नळी स्वतःच्याच हातात घातली. मग दोघे चालत खालच्या क्ष-किरण विभागात गेले आणि नळी हृदयात पोहोचल्याचे चित्र घेतले गेले. फोर्समान यांना पुढे १९५६ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मला या हकिकतीत आज वेगळेच दिसते. त्या दिवशीही खोलीत एक परिचारिका होती, तिच्या मदतीवाचून काही होणार नव्हते, आणि काय चालले आहे हे तिला सांगितले गेले नव्हते.

एक अडचण मात्र मांडतो. रुग्णाचे हृदय थांबले असेल, रक्तवाहिनी फाटली असेल, अशा वेळी दर हालचालीला थांबणे शक्य होत नाही. तेव्हा काय करावे?

---

रातपाळी

अशा वेळी आम्ही थांबत नाही, थांबूही नये. छातीवर दाब देणारी व्यक्ती टेबलाला लागूनच उभी असते आणि तिथे रुग्ण प्रथम. पण माझ्या अनुभवात त्या धावपळीत पेडल गरजेपेक्षा जास्त वेळ दाबलेले राहते, कारण पाय उचलायचे भान राहत नाही. आम्ही एकाला, बहुधा तंत्रज्ञांना, फक्त हे पाहायला सांगतो की पडद्याकडे कोणी पाहत नसताना किरण चालू आहेत का, आणि असतील तर त्यांनी ओरडून सांगायचे. ज्या चित्राकडे कोणी पाहत नाही त्याचे किरण कोणाच्याच उपयोगाचे नसतात. धावत येणाऱ्यांपैकी कोणी एप्रनशिवाय आत शिरू नये म्हणून दाराशीच तीन एप्रन वेगळे टांगलेले असतात.

---

निशिगंध

पाऊलवाट, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. आपल्या प्रतिसादाची प्रत विभागात लावण्याची परवानगी असावी.

बॅजविषयी मीच एक चूक सांगते, कारण ती अनेक ठिकाणी होते. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सहकारी सिस्टरच्या बॅजचे रीडिंग अचानक खूप वाढून आले. चौकशी झाली, त्यांना रडू आले, घरचे घाबरले. शेवटी कळले की त्या बॅज एप्रनलाच लावून ठेवत आणि एप्रन प्रक्रिया चालू असलेल्या खोलीतच खुंटीला टांगलेला राही. बॅजने खुंटीची मात्रा मोजली होती. उलट प्रकारही आहे, आणि तो जास्त घातक. रीडिंग वाढले तर काम बदलतील या भीतीने बॅज कपाटात ठेवून आत जाणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. शून्य रीडिंग पाहून व्यवस्थापन म्हणते की पडद्यांची गरज नाही, आणि मग खरी मात्रा कोणालाच कळत नाही.

---

ओंजळ

मी सात आठवड्यांची गरोदर आहे, अजून विभागात सांगितलेले नाही. शोधून शोधून थकले. कोणी म्हणते लगेच बदली घे, कोणी म्हणते दोन एप्रन घाल. कृपया स्पष्ट सांगावे.

---

अणुरेणू

ओंजळ, सर्वप्रथम, आजवरच्या कामामुळे बाळाला काही झाले असेल ही भीती मनातून काढण्यासाठी तुमची मागील महिन्यांची रीडिंग पाहा. गर्भावर थेट दुष्परिणामांचा विचार ज्या मात्रेपासून केला जातो ती १०० मिलिग्रेच्या आसपासची आहे. नियमित एप्रन घालणाऱ्या परिचारिकेच्या पोटाशी होणारी मात्रा सहसा त्याच्या जवळपासही नसते.

दुसरे, विभागात लवकर सांगा, आणि लेखी सांगा. तुम्ही सांगितल्यावरच वेगळी मर्यादा लागू होते. आंतरराष्ट्रीय आयोगाच्या शिफारशीनुसार त्यानंतरच्या संपूर्ण गरोदरपणात गर्भाची मात्रा १ मिलिसिव्हर्टच्या आत राहावी. काही देशांत आकडा वेगळा आहे, म्हणून आपल्या सुरक्षा अधिकाऱ्यांकडून तो लेखी घ्या. एप्रनच्या आत, पोटाच्या पातळीवर, एक वेगळा बॅज मिळेल, तो दर महिन्याला वाचला जावा असा आग्रह धरा. बाळाची मात्रा त्या रीडिंगपेक्षाही कमी असते, कारण आईचे शरीर काही किरण शोषते.

बदली आपोआप आवश्यक ठरत नाही, आणि ती तुमच्यावर लादलीही जाऊ नये. तशीच ती मागण्यात काही कमीपणाही नाही. दोन एप्रन एकावर एक घालू नयेत असे मी सुचवेन. पहिल्या एप्रननेच बहुतेक किरण अडतात, दुसऱ्याने त्यात थोडीच भर पडते, आणि कंबरेवरचे ओझे मात्र दुप्पट होते. सगळीकडून गुंडाळणारा, तुमच्या मापाचा एक एप्रन आणि टेबलापासून दूरची कामे, हे त्यापेक्षा चांगले.

---

कवडसा

एप्रनविषयी थोडे. एप्रन दुमडून खुर्चीवर टाकला किंवा चुरगळून ठेवला की आतला शिशाचा थर घडीच्या जागी तडकतो. वरचे कापड शाबूत असते, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. आम्ही वर्षातून एकदा सगळे एप्रन टेबलावर पसरून फ्लुरोस्कोपीखाली पाहतो. मागच्या तपासणीत एका एप्रनच्या कमरेवर, जिथे पट्टा आवळला जातो तिथे, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी आडवी रेघ दिसली, जवळजवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो एप्रन रोज कोणीतरी घालत होते. वापर झाला की रुंद हँगरवर टांगावा, कापड फाटले असेल तर वापरू नये आणि हाताळल्यावर हात धुवावेत, कारण शिशाची भुकटी स्वतःच अपायकारक असते.

वजनाबद्दल : जॅकेट आणि घागरा अशा दोन भागांचा एप्रन घेतला की काही भार खांद्यांवरून कमरेवर जातो. पुढे एकावर एक येणारे पदर ०.२५ मिलिमीटरचे असतील तर समोर मिळून अर्धा मिलिमीटर होतो आणि पाठ उघडी राहत नाही. निशिगंधताईंच्या ट्रॉलीच्या प्रसंगावर हाच उपाय आहे. आणि गळ्याची शिशाची कॉलर विसरू नये. गळ्याशी सैल राहिलेली कॉलर अर्धेच काम करते.

---

पहाटवारा

सर्वांचे आभार. काल पहिल्यांदाच शस्त्रक्रियेच्या वेळी "माझी बोटे पडद्यावर दिसत आहेत" असे मोठ्याने म्हटले. सरांनी पाय उचलला, आधाराची गादी मागवली आणि मला मागे उभे राहायला सांगितले. एक शेवटची शंका आहे. मला एकच बॅज मिळाला आहे. तो एप्रनच्या आत लावावा की बाहेर?

---

अणुरेणू

एकच असेल तर आपल्या संस्थेने ठरवलेल्या जागीच लावा आणि ती जागा कधीही बदलू नका, कारण रीडिंगचा अर्थ जागेवरून लावला जातो. आतला बॅज शरीराला काय मिळाले ते सांगतो, डोळ्यांविषयी काहीच सांगत नाही. दोन मिळत असतील तर एक छातीवर एप्रनच्या आत आणि दुसरा कॉलरवर बाहेर, नळीच्या बाजूला, आणि दोन्हींवर वेगळी खूण, म्हणजे अदलाबदल होणार नाही. दुसऱ्या बॅजसाठी अर्ज करताना कारणात लिहा : "डोळ्यांच्या मात्रेचा अंदाज घेण्यासाठी". काम संपले की दोन्ही काढून खोलीबाहेरच्या ठरलेल्या फळीवर ठेवा.